रोग रामेश्वरी, गोळी सोमेश्वरी

हत्तीरोगाच्या जंताला सरकारी दवाखान्याच्या वेळा कुणीतरी आधीच कळवून ठेवलेल्या दिसतात. ओपीडी चालू असते तोवर त्याची पिल्लं फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात. केसपेपरची खिडकी बंद होते, लॅबवाले डबा आवरून घरी जातात, शिपाई कुलूप घालतो, आणि मग रात्री ही मंडळी हातापायांच्या रक्तात फिरायला बाहेर पडतात. दहा ते दोन ही त्यांची ऐन गर्दीची वेळ. उजाडायच्या आत पुन्हा मुक्कामी. चाकणच्या कारखान्यांच्या हिशोबात सांगायचं तर जंत नाइट शिफ्टला आणि आरोग्य खातं जनरलला. भेट व्हायची कशी?

म्हणून हत्तीरोगासाठी रक्त रात्री घेतात, साधारण साडेआठ ते बारा. विदर्भात हे काम करणारी पथकं वर्षानुवर्षं गावोगाव हिंडत आली आहेत. हातात काचपट्ट्यांचा डबा, सुया, स्पिरिटचा बोळा, बॅटरी. दार वाजवायचं, निजलेल्याला उठवायचं, बोट टोचायचं आणि वीस घन मिलिमीटर रक्त काचेवर जाडसर पसरायचं. पोर गाढ झोपेत असतं. आई त्याचा हात गोधडीतून बाहेर काढून देते आणि स्वतः तोंड दुसरीकडे फिरवते. टोचलं की ते असं काही किंचाळतं की पुढच्या चार घरांतली पोरं पथक यायच्या आत परसात पसार. नंतर प्रयोगशाळेत ते वाळलेलं रक्त पाण्यानं धुऊन रंग देतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाव मिलिमीटर लांबीची जांभळट वळणं दिसतात. दिसली तर. दिवसा घेतलेल्या रक्तात त्याच माणसाचा रिपोर्ट बहुधा एकदम स्वच्छ येतो, आणि तो फाइलला लावून माणूस समाधानानं घरी जातो.

ही वेळेची गंमत पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरानं चीनमधल्या अमॉय बंदरात १८७०च्या दशकात शोधून काढली. त्याच्या आधी, १८७२ साली, आपल्या कलकत्त्यात टिमथी लुईस यांनी माणसाच्या रक्तात ही पिल्लं पाहिली होती, पण ती तिथे पोचतात कशी ते कळत नव्हतं. मॅन्सननं १८७७ साली आपल्या हिन लो नावाच्या माळ्याला डासांच्या खोलीत झोपवलं. हिन लोच्या रक्तात जंत होते. सकाळी रक्त पिऊन टम्म झालेले डास धरले, फाडले, आणि त्यांच्या पोटात जंताची पिल्लं वाढताना दाखवली. डास माणसाचा रोग वाहतो हे जगाला पहिल्यांदा कळलं ते असं. मॅन्सन पुढे 'सर' झाला. हिन लोला खाज सुटली असणार. बाकी काही मिळाल्याचं वाचनात नाही.

चाकण-भोसरीच्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट मात्र पुढची आहे. लंडनमध्ये १८८१ साली स्टीफन मॅकेन्झी यांनी अशाच एका रुग्णाला दिवसा झोपवलं आणि रात्रभर जागवलं. थोड्या दिवसांत जंताच्या पिल्लांनीही पाळी बदलली. ती दिवसा रक्तात येऊ लागली, रात्री गायब. म्हणजे घड्याळ भिंतीवरचं नसतं, ते माणसाच्या झोपेवर चालतं. आता जो माणूस वर्षानुवर्षं कायमच्या नाइटला आहे, त्याचं रक्त तपासायला रात्री अकराला पथक पाठवलं तर काय होईल? माणूस प्रेस शॉपमध्ये, जंत रजेवर. आणि दर आठवड्याला पाळी फिरणाऱ्या कामगाराच्या रक्तात काय गोंधळ उडत असेल, त्याचा विचार जंतानंच करावा.

पण ही सगळी कथा मोठ्यांची झाली. प्रश्न पोरांचा आहे.

हत्तीरोग म्हटला की आपल्याला आठवतो तो गावातला एखादा म्हातारा. एक पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, कातडी जाड आणि भेगाळलेली, त्या पायात चप्पल न मावणारी. त्याला हा रोग म्हातारपणी जडला असं आपण धरून चालतो. तो बहुधा चड्डी घालायच्या वयात जडलेला असतो. वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय हा आपल्याकडचा मुख्य जंत. त्याची मादी दोऱ्याएवढी बारीक, आठ-दहा सेंटिमीटर लांब. ती शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांत नराला घेऊन बिऱ्हाड करते आणि पाच-सात वर्षं लाखो पिल्लं रक्तात सोडत राहते. त्या बिऱ्हाडानं नळ्या ताणल्या जातात, झडपा निकामी होतात, आणि पायाला सूज दिसायला पुढे दहा-वीस वर्षं लागतात. विट आणि ओटेसन या दोघांनी २००१ साली जगभरचे अभ्यास गोळा करून दाखवलं की हा संसर्ग मुळात लहानपणाचा आहे. जिथे रोगाचा जोर असतो तिथे कित्येक मुलांना तो पाच वर्षांच्या आतच लागलेला असतो.

आणि मूल? मूल ठणठणीत. धावतं, भांडतं, आंबे पाडतं, पाढे विसरतं. एखाद्याच्या जांघेत नाहीतर काखेत अवधाणाची गाठ येते, चार दिवस ताप येतो, गाठीपासून खाली लाल रेघ उतरते. बरं वाटतं आणि विषय संपतो. बाकीच्यांना तेवढंही होत नाही. कुठलीही आई निरोगी दिसणाऱ्या पोराला 'याची एक हत्तीरोगाची तपासणी करा हो' म्हणून घेऊन येत नाही. आलीच, तर डॉक्टर आधी तिच्याकडे बघतील.

गंमत अशी की या रोगात उपचाराचा खरा मोका फक्त त्याच वयात असतो. केरळात आलेप्पीला डॉ. आर. के. शेणॉय यांच्या चमूनं काही वर्षं शंभरेक मुलांच्या लसिकावाहिन्या सोनोग्राफीनं आणि किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेल्या चित्रांनी तपासल्या. तिकडचा जंत ब्रुगिया मलाई, आपल्याकडच्याचा चुलतभाऊ. बाहेरून एकही लक्षण नसलेल्या मुलांच्याही नळ्या फुगलेल्या निघाल्या. मग त्यांना वर्षातून दोनदा डीईसी आणि अल्बेंडाझोल ही जंतावरची औषधं दिली, आणि बहुतेकांच्या नळ्या हळूहळू पूर्ववत होत गेल्या. २००९ साली हे छापून आलं. त्याआधी सगळ्यांचा समज असा की नळी बिघडली ती बिघडलीच. म्हाताऱ्याच्या पायाबाबतीत ते आजही खरं आहे. त्याला साबण-पाण्यानं पाय रोज धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, पाय उशीवर घ्या, एवढंच सांगता येतं. त्यानं त्याचा त्रास खूप कमी होतो, सूज मात्र राहते. पोराचं काम चार गोळ्यांत होऊ शकतं. आणि आपण गोळ्या शोधायला निघतो ते पाय सुजल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मुलांचं रक्त तपासायला आता रात्र जागवायची गरज उरलेली नाही, हेही सांगून टाकतो. बोटातून ७५ मायक्रोलिटर रक्त घ्यायचं, पट्टीवर टाकायचं, दहा मिनिटांनी वाचायचं. दोन रेघा म्हणजे मोठा जंत आत आहे. त्याचे अंश दिवसाही रक्तात असतात, त्यामुळे शाळेच्या मधल्या सुट्टीतसुद्धा हे उरकतं. आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायलेरियाच्या रक्तचाचण्यांवर अनेक वर्षं काढली आहेत. म्हणजे विषय आपल्याला परका नाही.

पट्टीची चाचणी सरकार करतंही. जिल्ह्यात काही वर्षं सामुदायिक गोळ्या वाटून झाल्या, रात्रीच्या रक्तात पिल्लं सापडण्याचं प्रमाण एक टक्क्याखाली आलं, की 'टास' नावाचं सर्वेक्षण होतं. त्यात सहा-सात वर्षांची, म्हणजे पहिली-दुसरीतली मुलं तपासतात. तर्क सोपा आहे: ही मुलं गोळ्या सुरू झाल्यानंतर जन्मली, यांच्यात जंत सापडला तर डास अजून रोग पसरवतोय. दीड-पावणेदोन हजार मुलांत अठरा-वीसपर्यंत सापडली तर जिल्हा पास, त्यापुढे नापास, आणि पुन्हा गोळ्यांची पाळी. राज्यात ही एकच परीक्षा असावी जिथे अभ्यास आरोग्य खात्याचा आणि पेपर पहिलीतल्या पोराचा.

आता पिंपरी-चिंचवडमधलं रावेत.

महाराष्ट्रातले हत्तीरोगाचे जिल्हे अठरा: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, नांदेड, लातूर, धाराशिव, सोलापूर, जळगाव, नंदुरबार, ठाणे, पालघर, सिंधुदुर्ग. पुणे यात नाही. यादी चुकीची नाही, पुण्यात हा रोग इथल्या इथे पसरतोय असंही मी म्हणत नाही. यादीतले कित्येक जिल्हे परीक्षा पास होऊन गोळ्यांतून सुटलेही. अडून बसलाय तो प्रामुख्यानं पूर्व विदर्भ.

पण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात उभे राहा आणि ट्रॅव्हल्सच्या काचेवरच्या पाट्या वाचा. लातूर. नांदेड. यवतमाळ. अकोला-अमरावती. जळगाव. नागपूर. क्लीनर ओरडून ओरडून सरकारी यादीच वाचून दाखवत असतो, तीही फुकट. त्यात बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशाकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी मिळवा. देशातल्या हत्तीरोगाचा मोठा वाटा याच बाजूचा. पिंपरी-चिंचवड आणि चाकण ज्यांच्या हातांवर उभं राहिलं त्या माणसांचा पत्ता आणि हत्तीरोगाच्या नकाशाचा पत्ता बऱ्याच ठिकाणी एकच निघतो. रावेत १९९७ साली महापालिकेत आलं तेव्हा शेतं होती. आता बावीस-पंचवीस मजले आहेत, आणि प्रत्येक नव्या बावीस मजल्यांच्या पायाशी पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. तिथे जेवढी पोरं तेवढे जिल्हे.

आता त्यातलं एक पोर घ्या. नाव नको, वय पाच. भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या बाजूला जन्मलं, तिसऱ्या वर्षी बापाबरोबर इकडे आलं. फेब्रुवारीत तिकडे गावात आशाताई गोळ्यांचा डबा घेऊन दारात उभी राहते तेव्हा दाराला कुलूप असतं. 'बाहेरगावी' असा शेरा पडतो. बाहेरगाव म्हणजे कुठलं हे विचारणं तिचं काम नाही, तिला त्या दिवशी अजून पन्नास घरं करायची असतात. इकडे रावेतमध्ये जी ताई त्याच्या पत्र्याच्या खोलीपाशी येते तिच्या पिशवीत पोलिओ असतो, गोवर असतो, जीवनसत्त्व अ असतं. डीईसी नसतं, कारण पुणे यादीत नाही. गोळी सोमेश्वरी, पोरगं रामेश्वरी. दोन्ही ताया आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर. दोघींची टार्गेटं पूर्ण. पोराच्या नळ्यांत जंत असलाच, तर तो मजेत.

आणखी एक विनोद बघा. अल्बेंडाझोलची गोळी या पोराला रावेतमध्येही मिळते! राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत एक ते एकोणीस वयाच्या सगळ्यांना देतात. हत्तीरोगाच्या मात्रेतला अर्धा भाग तर हाच. म्हणजे ताटात भात वाढलाय, वरणाची मंजुरी दुसऱ्या जिल्ह्यात अडकली आहे.

(कुणी लगेच मेडिकलमधून डीईसी आणून घरातल्या घरात द्यायला जाऊ नये. मात्रा वयावर आणि वजनावर ठरते, आणि आधी जंत आहे का ते बघावं लागतं. ज्याच्या रक्तात तो सापडतो त्याला डॉक्टर बारा दिवस रोज गोळी देतात. सामुदायिक मोहिमेत वर्षाला एकदाच: दोन ते पाच वर्षांना एक, सहा ते चौदाला दोन, त्यापुढे तीन, सोबत अल्बेंडाझोल. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि फार आजारी माणूस वगळून. उपाशीपोटी नाही.)

गोळी जिथे पोचते तिथे काय होतं तेही बघू. लोक गोळी घेतात. हातात घेतात. 'ठेवा ताई तिथे, जेवण झाल्यावर खातो.' मग ती फळीवर, फळीवरून डब्यात, डब्यातून उकिरड्यावर. म्हणून आता आदेश आहे की ताईनं आपल्या डोळ्यांदेखत गोळी गिळवायची. गावचा पाटील, गुरुजी आणि पोलीस भाऊ तिच्या डोळ्यांदेखत गोळी गिळतील ही कल्पना मुंबईत बसून सुचते. तिकडे ताई बिचारी 'दादा, तोंड उघडून दाखवा ना' म्हणायला शिकली आहे. पोरं मात्र दाखवतात, आणि त्याउपर चॉकलेट मागतात.

मोठ्यांच्या नकाराला कारणही आहे. अंगात पिल्लं असतील तर गोळीनं ती भराभर मरतात, आणि त्या मरण्यानं ताप, डोकेदुखी, चक्कर, उलटी होते. एक-दोन दिवसांत उतरतं. ज्याच्या रक्तात काही नाही त्याला सहसा काही होतही नाही. म्हणजे गोळी लागू पडली याचाच तो पुरावा. पण शाळेतल्या एका पोराला उलटी झाली की शेजारच्या बाकावर दुसऱ्याला मळमळतं, तिसरा रडतो, आणि दुपारपर्यंत मोबाइलवर 'गोळ्यांमुळे विषबाधा' फिरायला लागतं. त्यात चौकशी समिती. पुढच्या वर्षी त्या गावात ताईला पाणीसुद्धा कुणी विचारत नाही.

नागपूर जिल्ह्यात जानेवारी २०१९मध्ये दोनाऐवजी तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली. तिसरं आयव्हरमेक्टिन. देशात त्याआधी बिहारच्या अरवलमध्ये हे झालं होतं. तिघं मिळून पिल्लांचा बंदोबस्त फार चांगला आणि जास्त काळ करतात. आयव्हरमेक्टिनची मात्रा वयावर न ठरवता उंचीवर ठरवतात, त्यासाठी खुणा केलेली एक काठी नेतात. नव्वद सेंटिमीटरच्या खाली गोळी नाही, आणि पाच वर्षांच्या आतल्यांनाही नाही. काठीला पाठ लावून ताठ उभं राहायचं म्हटल्यावर पोरं टाचा उचलतात. गोळी जास्त मिळावी म्हणून कुणी टाचा उचलाव्यात असा हा सरकारी योजनेतला बहुधा एकमेव प्रसंग.

आता डास. हत्तीरोग वाहणारा डास म्हणजे क्युलेक्स, आणि त्याची ओळख रावेतकरांना करून द्यायची गरज नाही. संध्याकाळी खिडकी लावायला पाच मिनिटं उशीर झाला की जो कानाशी गुणगुणतो तोच. त्याला स्वच्छ पाणी आवडत नाही. गटार, तुंबलेला नाला, सेप्टिक टँक, मैला मिसळलेली नदी, जितकं घाण तितकं बरं. डेंग्यूचा एडिस नेमका उलट, कुंडीखालच्या बशीतला आणि फ्रिजमागच्या ट्रेमधला, दिवसा चावणारा. त्यामुळे डासांच्या तपासणीत कुठल्याही शहरात हा संवाद ऐकू येतो:

'ताई, कुंड्या दाखवा.'

'या ना. गॅलरीत आहेत.'

'ही बघा, बशीत अळ्या. दंड भरावा लागेल.'

'भरते हो. पण मागच्या नाल्यात बघितलं का? तिथून येतात डास.'

'ते आमच्याकडे नाही.'

'मग कुणाकडे?'

'ते ड्रेनेजकडे.'

एडिसला पकडला की दंड करायला घरमालक असतो. क्युलेक्सला पकडला तर दंडाची पावती ज्याच्या नावानं फाडायची तोच पावतीपुस्तक छापतो. म्हणून एडिसवर मोहीम निघते आणि क्युलेक्सवर धूर निघतो. त्या धुरातून शिंकत बाहेर येणारा डास आणि खोकत बाहेर येणारा नागरिक यांतलं कोण जास्त हैराण, हे अजून ठरायचंय.

पवना नदीचं बघा. धरणातून सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन शहराला मिळतं. त्याच नदीवर दर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा, आणि दर उन्हाळ्यात ती काढायची निविदा. पुन्हा केरळच आठवतं. चेर्तला भागात १९८०च्या दशकात पुद्दुचेरीच्या संशोधन केंद्रानं हत्तीरोग हटवायला तळ्यांतल्या पाणवनस्पती काढायची मोहीम घेतली, कारण तिकडचा मॅन्सोनिया डास त्या वनस्पतींच्या मुळांना चिकटून वाढतो. काढलेल्या वनस्पतींचं खत झालं, मोकळ्या तळ्यांत मासे सोडले, आणि लोकांना चार पैसे सुटू लागल्यावर ते आपणहून तळी साफ ठेवू लागले. आपल्याकडेही जलपर्णीतून चार पैसे सुटतात असं लोक म्हणतात. मासे मात्र कुणी सोडत नाही.

एक-दोन चाव्यांनी हा रोग होत नाही, एवढा दिलासा देतो. त्याला महिनोन् महिने, शेकडो चावे लागतात. जाळी लावलेल्या, मशीन पेटवलेल्या सतराव्या मजल्यावरच्या बाळाला घाबरायचं कारण नाही. शेकडो चाव्यांचा हिशोब ज्यांच्या अंगावर भरतो ते खाली आहेत. गेटवर रात्रभर खुर्चीत बसणारे वॉचमन काका आणि त्यांच्या पत्र्याच्या खोलीत विनाजाळीची निजलेली पोरं. ती पोरं एप्रिलमध्ये दीड-दोन महिन्यांसाठी गावी जातात, तिकडच्या डासांचे चावे खाऊन जूनमध्ये परत येतात. सोसायटीच्या ग्रुपवर 'डास फार झालेत' हा मेसेज दर दोन तासांनी पडतो. गेटच्या खोलीला मच्छरदाणी द्यायचा ठराव अजून कोरमअभावी तहकूब.

डॉक्टरांनाही एक बारीकसा टोमणा मारायचा राहिला. रात्री खोकणारी, घुरघुरणारी मुलं रावेतमध्ये भरपूर. बांधकामाची धूळ आहे, हायवे आहे, निदान तयार असतं: ॲलर्जी, दमा, पंप घ्या. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण हत्तीरोगाच्या जंताविरुद्ध शरीरानं केलेल्या आकांडतांडवाचा एक प्रकार छातीत होतो. रात्री कोरडा खोकला, धाप, आणि रक्तात इओसिनोफिल पेशी तीन हजारांच्या वर. लहान मुलांत तो कमी दिसतो, तरुणांत जास्त, पण दिसतो. पंपानं तो हटत नाही, डीईसीच्या तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी हटतो. ओळखायला काय लागतं? साधा सीबीसी, आणि एक प्रश्न: 'गाव कुठलं तुमचं?' रिक्षावाला विचारतो, घरमालक विचारतो, सोयरीक जुळवणारी आत्या तर आधी तेच विचारते. केसपेपरवर फक्त 'रा. रावेत' असतं.

दिल्लीच्या तारखांविषयी न बोललेलंच बरं, पण राहवत नाही. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५चा. २००२च्या आरोग्य धोरणात २०१५पर्यंत रोग संपवायचा होता. फेब्रुवारी २०१७च्या अर्थसंकल्पी भाषणात तो २०१७पर्यंत संपवायचं जाहीर झालं, म्हणजे हातात अकरा महिने. मग २०२०, मग २०२१, आता २०२७. मधल्या काळात श्रीलंका आणि मालदीव २०१६ साली मोकळे झाले, थायलंड २०१७ साली, बांगलादेश २०२३ साली. बांगलादेश! ज्याला आपण गटारं आणि गर्दीच्या उदाहरणासाठी राखून ठेवलं होतं तो.

रावेतपुरतं बोलायचं तर नवा निधी, नवं ॲप, नवा कक्ष यातलं काही लागणार नाही. शाळेत मुलाचं नाव घालताना जनरल रजिस्टरमध्ये जन्मस्थळाचा रकाना असतो: गाव, तालुका, जिल्हा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच उतरतो. तुमसर, जि. भंडारा. देसाईगंज, जि. गडचिरोली. माहिती प्रत्येक शाळेच्या कपाटात, मुख्याध्यापकांच्या सहीनिशी, आधीच पडून आहे. रकान्यावर बोट फिरवत पहिली-दुसरीची यादी काढायला लिपिकाला एक दुपार पुरे, आणि त्या यादीतल्या पोरांची बोटं टोचायला नर्सला दुसरी. त्यात इथेच जन्मलेली, पण सुट्टीत गावी जाणारी पोरं सुटतील. ती वर्गात हात वर करायला सांगून सापडतील. गावच्या आंब्याचा विषय काढला की सगळेच हात वर येतात.

यादी निघाली की ती नेमकी कुठल्या खात्याकडे पाठवायची, यावर मात्र एक बैठक घ्यावी लागेल.